सलूनच्या भिंतीवर आई

बाबा रंग पुसायच्या टर्पेंटाइनची बाटली घरी विसरले होते. ती पोचवायची, एवढंच काम होतं. कॉलेज सोडल्यापासून माझ्या वाट्याला अशीच कामं येतात.

बाबा सलूनच्या बाहेरच्या भिंतींवर डोकी रंगवतात. आमच्यासारखीच निम्मी वस्ती परक्या देशांतून आलेली. गिऱ्हाइकाची भाषा न्हाव्याला कळत नाही, न्हाव्याची गिऱ्हाइकाला. मग गिऱ्हाईक भिंतीवरच्या एखाद्या डोक्याकडे बोट दाखवतं आणि खुर्चीत बसतं.

ही डोकी म्हणजे आमच्या घरातली मेलेली माणसं. जिवंत माणसाचा चेहरा भिंतीवर चढवायचा नाही, हा बाबांच्या उस्तादांचा दंडक. म्हणून जन्मभर टोपी न काढलेले आजोबा इथे कानांवर मशीन फिरवून रुबाबात बसलेत. मुलींनी केस कापले की नाक मुरडणारी आत्या बॉबकट मिरवतेय. मेल्यावर तरी सुधारली.

त्या दुपारी सलूनला सुट्टी होती. गल्लीत बाबांशिवाय चिटपाखरू नव्हतं. उन्हात ऑइलपेंटचा वास इतका दाटला होता की घशात चिकटत होता. भिंतीवर एक नवं डोकं होतं. लांब केस, मधोमध भांग, हनुवटीवर तीळ. डोळ्यांच्या जागी मात्र कोरा रंग.

आई.

आई सीमेपलीकडे राहिली होती. "कागद झाले की येईलच," हे बाबांचं पालुपद. गेले कित्येक दिवस तिचा फोन लागत नव्हता.

"ती गेली?" मी विचारलं. "कधी कळलं तुम्हाला?"

"काही कळलेलं नाही गं."

"मग भिंतीवर कशी आली?"

बाबा ब्रश पुसत राहिले. थोरांचं हे असंच. प्रश्न अंगाशी आला की हातातलं काम मोठं होतं.

"तिचा चेहरा पुसट होत चालला होता मनातून," ते म्हणाले. "आणि डोळे कुठे काढलेत मी? डोळ्यांशिवाय चेहरा धरत नाहीत."

"धरत नाहीत! तिकडे तिला एकटी टाकून आलात, आणि आता इकडे जिवंतपणी भिंतीला लावलीत!"

मी फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं. बाबांनी माझं मनगट धरलं, मी हिसडा दिला. कपाळ, नाक, तीळ, सगळं ओघळलं. केस मात्र निघेनात.

तेवढ्यात बाबांच्या खिशात फोन वाजला. आईचा नंबर! त्यांनी स्पीकर लावला.

"आई! कुठे आहेस तू? बरी आहेस ना?"

"माहीत नाही गं... गार आहे इथे." आवाज तिचाच होता, पण विहिरीतून यावा तसा. "आत्ता कुणीतरी तोंडावरून ओलं फडकं फिरवलं... आता मला तोंडच लागत नाहीये हाताला."

बाबांनी माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"काढ मला परत," आई म्हणाली. "डोळ्यांसकट काढ... लवकर..."

मी ब्रश उचलला. नाक जमलं, हनुवटी जमली. डोळ्यांशी हात अडला.

"बाबा, कसे होते तिचे डोळे? सांगा ना!"

"आठवत नाहीत," ते हुंदके देत म्हणाले. "म्हणून तर कोरे ठेवले..."

मलाही आठवेनात. फोनमधला श्वास बारीक होत चालला होता. भिंतीलगत सलूनवाल्याची स्कूटर उभी होती. तिचा आरसा मी माझ्याकडे वळवला. लहानपणापासून सगळे म्हणायचे, पोरीनं डोळे आईचे घेतलेत. आरशात बघून मी माझेच डोळे भिंतीवर उतरवले. बाहुलीतला पांढरा ठिपका दिला, तशी आईनं खोल श्वास घेतला.

"दिसलं... रस्ता दिसतोय. स्कूटर दिसतेय. तुझे बाबा किती वाळलेत गं..."

"आणि मी, आई? ही काय, तुझ्या समोर उभी आहे."



"ते एकटेच आहेत... तू कुठे गेलीस?"

मी बाबांकडे वळले. ते हातभर अंतरावर होते. त्यांची नजर माझ्या आरपार भिंतीवरच्या डोळ्यांवर खिळली होती, आणि त्या डोळ्यांकडेच बघत ते मला हळू आवाजात हाक मारत होते.