थबकण्याची जागा

प्रेम माणसाला अमर करतं. आमच्या ओहायोतल्या गावात मात्र हेच काम पियानोच्या गुंडाळ्यांचा कारखाना जास्त स्वस्तात करायचा. कोणीतरी एकदा वाजवायचं, त्याबरहुकूम कागदावर भोकं पाडायची, की मग वाजवणारा मेला तरी चालायचं. घरच्या पियानोत गुंडाळी बसवून पेडलवर पाय मारले, की स्वारी पुन्हा वाजवायला हजर.

१९१६चा ऑक्टोबर होता. पावसात निथळत एक बाई संगीताच्या दुकानात शिरली. कारखान्यातला एमेट हास्के गिऱ्हाइकांना नवी गुंडाळी ऐकवत होता.

"हे कोणी बिघडवलं?" तिनं विचारलं.

"बिघडवलं? दुरुस्त केलंय या एमेट हास्केनं, बाई! वाजवणारा तो ओ. क्रेमर मधेच थांबला होता, ती जागा मी बुजवली... पेंगला असेल बिचारा."

"ओ. म्हणजे ओटिली. आणि मी पेंगले नव्हते."

एमेटचे पाय थांबले. बाईचं नाव खपत नाही म्हणून प्रकाशकानं गुंडाळीवर नुसतं पहिलं अक्षर छापलं होतं.

"पण लोक यावर नाचतात हो. सूर थांबला तर एकमेकांच्या पायांवर पडतील."

"पडू देत ना! थबकली की माणसं एकमेकांकडे बघतात. तेवढ्यासाठीच ठेवली होती ती जागा."

एमेटनं बघितलं. ती लाजली असती, पण तेवढ्यात खोकला आला. रुमालावरचा लाल डाग तिनं घडीत लपवला. त्याला दिसायचा तो दिसलाच.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"कोलोराडोच्या डोंगरात जा म्हणतात. हवा फार चांगली आहे म्हणे. इतकी चांगली, की माझी बहीण परत आलीच नाही." तिनं गुंडाळीवर बोट ठेवलं. "माझं मागे एवढंच राहणार, हास्केसाहेब. ते तरी माझं असू दे."

"मूळ कागद बॉयलरमध्ये गेला..." तो खाली बघत म्हणाला. "पुन्हा वाजवाल?"

रविवारी त्यानं बंद कारखाना उघडला. वाजेल ते कागदावर टिपणाऱ्या पियानोपुढे ती बसली. उजवा हात चालला. डाव्या हाताच्या लांब उड्या मारताना तिला धाप लागली.

"सरका जरा," एमेट म्हणाला आणि तिच्या डावीकडे बसला. "हा हात माझ्याकडे द्या."

"वाजवता येतं?"

"दुसऱ्यांच्या चुका काढण्यापुरतं."

थबकण्याच्या जागी तो घाईनं पुढे गेला. एकदा... दोनदा...

"अहो, कुठे आग लागलीय?"

"थांबायचं कुठवर?"

"मी तुमच्याकडे बघेपर्यंत."

तिसऱ्यांदा तो थांबला. ओटिलीनं मान वळवली — आणि बराच वेळ वळवूनच ठेवली. मग दोघांनी मिळून गाणं संपवलं. जागा कागदावर उतरली होती.

"आता ही दुरुस्त करणार नाही ना?"

"हात तोडीन करणाऱ्याचा. म्हणजे माझाच. ओटिली... मी येतो डोंगरात. तुझ्याबरोबर."

"वेडा आहेस का? तिथून कोणी परत येत नाही."

"बरं झालं. परतीच्या तिकिटाची कटकट नको."

ती हसली, खोकली, पुन्हा हसली. डोळे पुसून तिनं त्याचा हात घट्ट धरला.

"एमेट..."

"बोल ना."

"जरा ऊठ. माझ्या झग्यावर बसलायस."