दुसऱ्या मजल्यावरून आलेली पानं

शनिवारी दुपारी ऑफिस रिकामं झालं, तेव्हा साहेबांनी थोरलीला थांबवलं.

"बाई, सांगायला जिवावर येतंय. पण ते भाषांतर फक्त तुमच्या बहिणीच्या कॉम्प्युटरवर आहे. तेवढं प्रिंट काढून ठेवाल?"

"काढते," थोरली म्हणाली.

भाषांतराच्या त्या ऑफिसात दोघी बहिणी बारा वर्षं कामाला होत्या. धाकटी दुसऱ्या मजल्यावर, थोरली तळमजल्यावर. साऱ्या इमारतीला प्रिंटर एकच, तोही थोरलीच्या टेबलाशेजारी. धाकटी वरून पानं पाठवायची आणि मागोमाग फोन करायची, "ताई, देतेस का आणून? जिन्याची चढउतार केली की धाप लागते गं." थोरली कुरकुरत का होईना, नेऊन द्यायची.

तीन आठवड्यांपूर्वी मात्र कामाच्या गडबडीत तिचं डोकं फिरलं. "रोजचेच लाड तुझे! पाय मोडलेत का? ये खाली आणि घेऊन जा!"

धाकटी निघाली. मधल्या वळणावर कठड्याला धरून बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय कधीचंच थकलं होतं. थोरलीनं आपलं ते बोलणं कुणालाच सांगितलं नव्हतं.

वर जाऊन तिनं कॉम्प्युटर सुरू केला. खोलीत बंद खिडक्यांचा कोंदट वास होता. खुर्चीच्या पाठीवर धाकटीचा स्वेटर तसाच होता. फाइल सापडली. बेचाळीस पानं. तळमजल्याचा प्रिंटर निवडून तिनं बटण दाबलं. खालून घरघर ऐकू आली.

ती खाली पोचली तेव्हा ट्रे रिकामा होता. पानं तिच्या टेबलावर होती. क्रमानं लावलेली, कडा जुळवून पिन मारलेली. बाहेरचं दार तर साहेब गेल्यावर तिनंच आतून लावलं होतं.

तेवढ्यात प्रिंटर पुन्हा घरघरला. एकच पान सरकत बाहेर आलं. त्यावर एकच ओळ होती.

'ताई, रागावू नकोस. मीच येते खाली.'

भीतीच्याही आधी थोरलीच्या तोंडून शब्द फुटले, "नको! येऊ नकोस!" आणि ती जिन्याकडे धावली.

पहिला मजला मागे पडला. वरच्या, धाकटी बसली होती त्याच वळणाशी ती थबकली. तिथं कुणीतरी धापा टाकत होतं. दिसत काहीच नव्हतं. भर दुपारच्या उजेडात रिकामी पायरी, आणि तिच्यावर तो श्वास... तुटत, अडखळत...

"ताई..." अगदी हलका आवाज आला. "धाप लागते गं..."

थोरली त्या पायरीशेजारी मटकन बसली. हात पुढे करायचा धीर होईना, मागे घ्यायचाही होईना.

"बस, बाळा. घाई नाही कसली. मी आणते पानं वर. रोज आणते... रोज आणीन गं..."

श्वास तसाच चालू होता.

"चुकलं माझं. ऐकतेयस ना? मीच म्हटलं तुला, खाली ये म्हणून... मीच." तीन आठवडे छातीत दाबून ठेवलेलं रडू आता तिला आवरेना. पदर तोंडात कोंबून ती लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली.

किती वेळ गेला, तिला कळलं नाही. शेजारचा श्वास मात्र हळूहळू संथ झाला. मग कुणीतरी उठल्यासारखी साडी सळसळली आणि चपला सावकाश पायऱ्या उतरू लागल्या. दमल्याचा आवाज आता नव्हता.

"जातेस?" थोरलीनं विचारलं.

चपला क्षणभर थांबल्या.

पुन्हा त्या उतरू लागल्या, तेव्हा थोरलीनं डोळे पुसले आणि कान दिला. चपलांच्या बरोबरीनं आणखी कुणीतरी उतरत होतं. चिमुकली, अनवाणी, ओली पावलं... एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत... कुणाचा तरी हात धरून उतरावं तशी.

दोघींपैकी कुणालाच मूल नव्हतं. तीन वर्षांपूर्वी धाकटीला होणार होतं, ते पोटातच गेलं.