नवरदेवाचा काळा कोट

“खून झाला,” एवढं बोलून खुशालराव बोंडे नत्थुजींच्या ओसरीवर टेकले. मग धोतराच्या सोग्यानं घाम पुसून म्हणाले, “म्हंजे कोटाचा. माणसं सारी जागच्या जागी हायत.”

नत्थुजी गावंडे न्याहारीला बसले होते. त्यांनी ठेच्याचं बोट चाटलं आणि शांतपणे विचारलं, “कोटात कोणी होतं काय?”

“नाई ना! रिकामाच होता.”

“मंग बसा. घाई नाई.”

अमरावतीत खाजगी तपास करणारे नत्थुजी एकटेच. आधी ते पोलिसात होते. एका चोरीच्या तपासात त्यांनी सगळ्यांना विचारलं तसं आपल्या साहेबालाही विचारलं, की काल संध्याकाळी तुमी कुठी होते? साहेबाला सांगता येईना. त्या दिवसापासून नत्थुजी खाजगी झाले.

सहदेव त्यांचा मदतनीस. नागपूरला वकिली शिकायला गेला आणि सूट घालायला शिकून परत आला. मे महिन्याच्या वऱ्हाडी उन्हात तो टाय बांधून हिंडे आणि एरवी कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली गल्लीतली कुत्री त्याला मोहल्ल्याच्या हद्दीपर्यंत पोचवून येत.

खुशालराव मोर्शीचे संत्र्यांचे बागवाले. त्यांच्या गोवर्धनचं लग्न उद्या सकाळी अकोल्यात, यादवराव वकिलांच्या लीलाशी. वऱ्हाड काल अमरावतीत एका भाड्याच्या घरात उतरलं होतं. दुपारच्या गाडीनं अकोल्याला निघायचं होतं.

“वकीलसाहेबाची एकच अट हाय,” खुशालराव म्हणाले. “नवरदेव सुटात पायजे, नाई तं मांडवात पाय ठेवू देणार नाई. म्हणून काळा सूट शिवला. अना आज सकाळी पाह्यतो तं कोट गायब! न्हाणीत दगडावर रक्त! पोट्ट्यानं तं लीलाले पाह्यल्यापासून जेवण सोडलं हाय.”

“पुरं?”

“नाई, तिसऱ्यांदा वाढलेलं. पण हे लग्न मोडलं तं पुरंच सोडन तो.”

नत्थुजींनी टोपी घातली. सहदेवनं टायची गाठ सारखी केली. निघाले.

घरात कपाट उघडंच होतं. आत काळी पाटलोण होती, जाकीट होतं, पाटलोण खांद्याला टांगायचे गेलिस होते. कोटाच्या खिशातला पांढरा रुमालही होता. त्याची तीन टोकं वर काढून तो पाटलोणीवर नीट बसवून ठेवलेला. कपडे सगळे निष्कलंक.

“चोर अर्धवट दिसतो,” सहदेव म्हणाला. “नुसता कोट नेऊन काय करणार? सुटाचा पहिला नियमच आहे, की कोट आणि पाटलोण एका कापडाची हवी.”

“तुले जे समजते ते चोरालेही समजत असन,” नत्थुजी म्हणाले. “ध्यानात ठेव.”

सहदेवनं ध्यानात ठेवलं. त्याचं पुढं काय करायचं ते त्याला समजलं नाही.

न्हाणीला बाहेरून कडी होती. “बाया भेतीन म्हणून म्याच लावली,” खुशालराव कुजबुजले. “त्याईले रक्ताचं सांगतलं नाई. सांगतलं, आत साप हाय.”

“मंग?”

“मंग भेल्या.”

कोपऱ्यात पाणी तापवायचा बंब अजून कोमट होता. तो इतक्या पहाटे कुणी पेटवला ते खुशालरावांना ठाऊक नव्हतं. दगडावर लालभडक डाग पडला होता आणि त्याच्या कडेला साबणाचा वाळका फेस. सहदेवनं दोन पावलं मागं घेतली. नत्थुजींनी सरबतासाठी आणलेलं एक लिंबू मागवलं, कापलं आणि डागावर पिळलं. डाग पिवळा झाला.

“लिंबू चांगलं हाय,” नत्थुजी म्हणाले आणि उरलेली फोड चोखत बाहेर आले.

माणिकबाई, खुशालरावांच्या घरच्या, मागच्या दारी पापड वाळत घालत होत्या.

“कोट गेला तं बरं झालं,” त्या म्हणाल्या. “लग्नात काळं घालते काय कोणी? म्या म्हटलं, निदान कोपऱ्याले हळदीचं बोट तं लावा. तं आमचे केशवराव जवाईबापू फिदीफिदी हासले. म्हणे, इंग्लंडच्या राजाच्या कोटाले हळद असते काय?”

“मंग तुमी लावली?”

“मी काहून लावू? माहा काही मानच नाई तिथं. पण सांगून ठेवतो भाऊ, मले घ्यायचा असता तं म्या चोरला नसता. चुलीत टाकला असता, अना वरून सांगतलंही असतं.”

नत्थुजींनी मान डोलावली. त्यांना ते पटलं. सहदेवलाही पटलं, कारण चूल जवळच होती.

गोवर्धन माजघरात बसला होता. आखाड्यात घुमलेला गडी. मान आणि डोकं एकाच मापाचं. काल संध्याकाळी हळद लागली होती. तो बसला ती खुर्ची पिवळी, टेकला ती भिंत पिवळी, आणि सकाळी ज्या मांजरावरून त्यानं हात फिरवला ते मांजरही पिवळं.

“त्या कोटात मले दम लागे,” तो म्हणाला. “पण लीलासाठी मी चिलखतही घातलं असतं. पाय पडतो, नत्थुकाका, कोट शोधा. नाई तं ते वकीलसाहेब तिले दुसऱ्याच सुटवाल्याले देऊन टाकतीन.” त्यानं पिवळ्या हातांनी डोळे पुसले. सहदेव त्याच्या खांद्यावर हात ठेवणार होता, पण त्याला आपली बाही आठवली.

शेवटी केशवराव, म्हणजे खुशालरावांच्या बहिणीचे यजमान. अंगानं काडी, पण सुटाच्या बाबतीत साऱ्या वऱ्हाडाचे गुरू. एकदा नागपूरला बड्या साहेबांच्या मेजवानीला संत्री पोचवायला गेले असताना त्यांनी कुंपणाआडून दुपारभर साहेब लोक पाहिले होते. गोवर्धनचं कापड त्यांनीच निवडलं होतं. खालचं बटण कधी लावायचं नाही, बसताना कोट मोकळा सोडायचा, हे नियम सहदेवनं त्यांच्याकडूनच घेतले होते.

आज गुरू खुर्चीच्या टोकावर ताठ बसले होते. कोटाची सगळी बटणं गळ्यापासून खालपर्यंत लावलेली.

“घरातली गोष्ट घरात ठेवायला हवी होती,” ते म्हणाले. “आक्छी! पोलिसी चौकशी शोभत नाही.”

“सर्दी?” नत्थुजींनी विचारलं.

“जुनी आहे.”

“गरम होत असन. कोट काढता काय?”

“चारचौघांत कोट काढणं असभ्य आहे. हो की नाही, सहदेव?”

“अगदी!” सहदेव म्हणाला. तरीही त्याला काहीतरी खुपत होतं. दुःखाच्या प्रसंगी खालचं बटण लावत असावेत, असा त्यानं तर्क केला.

केशवरावांच्या बाहीतून एक थेंब पडला. “घाम,” ते म्हणाले.

नत्थुजींनी सगळ्यांना माजघरात गोळा केलं. वऱ्हाडातल्या लोकांना वाटलं फराळ आहे, म्हणून तेही आले.

“पयले रक्ताचं,” नत्थुजी म्हणाले. “माणिकबाई, हळदीच्या डागाले साबण लावला तं काय होते?”

“लाल होते. त्यात काय? शेंबड्या पोरीलेही ठाऊक असते.”

“अना वरून लिंबू पिळलं तं?”

“मंग पुन्हा पिवळं. काहून?”

खुशालराव बायकोकडे आणि मग न्हाणीकडे पाहत राहिले. डाग वेळेवर माणिकबाईंना दाखवला असता, तर नत्थुजींची न्याहारी पुरी झाली असती.

“म्हंजे कोटावर हळद सांडली, अना कोणी तरी ती साबणानं धुतली,” नत्थुजी पुढं बोलू लागले. “चोराले पुरा सूट लागला असता. इथं एकट्या कोटालेच काही तरी झालं, म्हणून एकटा कोट गेला. धुणारी बाई नाई. बाईनं हळदीले साबण लावला नसता, डाग उडवायले कोट उन्हात टाकला असता. नवरदेवही नाई. हा ज्याले शिवला ते पिवळं झालं, अना पाटलोण, जाकीट, रुमाल कोरे करकरीत हायत. खुशालरावानं लपवलं असतं तं मले बोलावलं नसतं. अना ज्यानं कोट नेला त्यानं घाईतही रुमालाची तीन टोकं काढून ठेवली. सहदेव, या घरात असं कोण करीन?”

“केशवराव,” सहदेव अभिमानानं म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला.

“अना त्याईचं खालचं बटण?”

“लावलेलं आहे,” सहदेव हळूच म्हणाला. “कधीच नसतं.”

“केशवराव, तुमचा कोट काढा.”

केशवराव उठले, शिंकले आणि त्यांनी कोट काढला. आत दुसरा कोट होता. काळा, ओला आणि त्यांच्या अंगाला असा बसलेला की शिंप्यानं माप घेऊन शिवावा. कढत पाण्यानं लोकर आटली होती. पैलवानाचा कोट काडीला आला होता.

“अंगाच्या उबेनं वाळेल असं वाटलं,” ते म्हणाले. “सुटाचे सगळे नियम मला पाठ आहेत. धुण्याचे तिथं कुंपणाआडून दिसले नाहीत.”

“पण हळद लावायले तुमीच गेले होते?” माणिकबाईंनी कमरेवर हात ठेवले. “तुमी? इंग्लंडवाले?”

“हसलो खरा वहिनी, पण मनात पाल चुकचुकली. पोरगा त्या मुलीसाठी जेवत नाही. म्हटलं, काळ्यापायी काही विघ्न नको. चोरून एक बोट लावायला गेलो, आणि वाटीच उलटली.”

माणिकबाईंना रागवायचं होतं, पण त्यांनी पंचा आणून केशवरावांचं डोकं पुसलं. गोवर्धननं कोट घालून पाहिला. एक हात कोपरापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. तो काढायला चौघं लागले.

“आता वकिलाले काय सांगू?” खुशालराव खाली बसले.

“सांगणार केशवराव,” नत्थुजी म्हणाले. “काहो, तुमच्या त्या साहेब लोकाइत काळा सूट सकाळच्या मुहूर्ताले चालते काय?”

केशवराव विचारात पडले. मग पांढरे पडले. “नाही. काळा सूट संध्याकाळनंतर. हे मला कापड घेतानाच… आक्छी!”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याच्या मांडवाच्या दारात यादवराव वकील काळ्या सुटात, घामानं निथळत उभे होते. धोतर-फेट्यातला गोवर्धन दिसताच त्यांनी हात आडवा केला.

“हे काय? सूट कुठं आहे?”

गोवर्धननं डोळे मिटले. आज स्वतःही धोतरात आलेले केशवराव पुढं झाले. “दिवसाउजेडी काळा सूट? उन्हाळ्यात? साहेब लोक हसतील, वकीलसाहेब. आम्हाला वाटलं, आपल्यासारख्या जाणत्या माणसाकडे येताना अशी चूक नको.”

यादवरावांनी कपाळावरचा घाम पुसला. “ते मला ठाऊकच आहे,” ते म्हणाले. “तुम्हाला ठाऊक आहे का, ते पाहत होतो.” आणि ते झपाझप आत गेले. आले ते मलमलीच्या धोतरात, दहा वर्षांनी तरुण होऊन.

एवढ्या वेळात इकडे निराळाच घोटाळा झाला होता. ओवाळायला उभ्या असलेल्या बेबीताईंना, म्हणजे लीलाच्या मावशीला, एवढंच सांगितलेलं, की सुटातला तो नवरदेव. आता साऱ्या वऱ्हाडात सुटातला एकच उरला होता. त्यांनी नत्थुजींबरोबर लग्नाला आलेल्या सहदेवच्या बुटांवर तांब्याभर पाणी ओतलं, त्याला कुंकू लावलं आणि बँडवाल्यांना खूण केली. बँड सुरू झाला. “मी नाही, मी नाही,” सहदेव ओरडत होता. सगळे नवरदेव लाजतात, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

माडीची खिडकी धाडकन उघडली.

“वो मावशी!” लीलाचा आवाज बँडच्या वर गेला. “हा नाई! तो मांगचा, धोतरवाला! तोच पायजे मले!”

मांडव हसला. गोवर्धन लाजेत उरलीसुरली हळद मिसळून लालपिवळा झाला. बेबीताईंनी सहदेवला नीट निरखलं, त्याच्या कपाळावरचं कुंकू बोटानं निपटून घेतलं आणि तेच नेऊन नवरदेवाला लावलं.