दुसरीसाठी नटवलेला

"अहो, एक मिनिट… तुमच्या अंगावरचा शर्ट माझा आहे."

सकाळची वेळ. ऑक्टोबरमधला गार वारा. कितानो भागातल्या उतारावरून मी दुकानाकडे निघाले होते आणि मागून हा आवाज आला. वळून पाहिलं, तर एक उंच माणूस. अंगावर विटलेला काळा ट्रॅकसूट, केस वाऱ्यावर सोडलेले, आणि हातात माझा पांढरा शर्ट! तोही असा चिमटीत धरलेला, जणू एखादं मांजराचं पिल्लू.

"कशावरून?" मी उगाचच हनुवटी वर केली. खरं तर मलाही ते सकाळीच कळलं होतं. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत रात्री घाईघाईत यंत्रातून कपडे काढताना भलताच शर्ट पिशवीत आला होता. खांदे दंडापर्यंत ओघळत होते, बाह्या बोटांच्या खाली. पण धुतलेला दुसरा पांढरा शर्ट नव्हता, आणि दुकानात आज नवी मांडणी करायची होती. मग काय करणार? बाह्या सैलसर दुमडल्या, पुढचं टोक तेवढं जीन्समध्ये खोचलं, मागचं मोकळं सोडलं, वर आखूड राखाडी बंडी चढवली आणि निघाले.

"तिसरं बटण निळ्या दोऱ्यानं शिवलंय," तो म्हणाला. "आईनं शिवलंय. तिला पांढरा दोरा सापडत नव्हता."

मी मान खाली घालून पाहिलं. निळाच होता.

"माफ करा… मी संध्याकाळी धुऊन—"

"नाही, राहू द्या." तो माझ्याकडे पाहत होता. म्हणजे शर्टाकडे. "मी हा दोन वर्षं घालतोय. माझ्या अंगावर हा नुसता शर्ट असतो. तुमच्या अंगावर… हा काहीतरी बोलतोय."

एवढं बोलून तोच लाजला. माझा शर्ट माझ्या हातात कोंबून उताराखाली जवळजवळ पळालाच.

संध्याकाळी त्याचा शर्ट धुऊन परत द्यायला लाँड्रीत गेले, तर तो वाट पाहत बसला होता. कानामे हिराओका. बंदरात टगबोटीवर काम करायचा, ती बुटकी, दणकट बोट, जी डोंगराएवढ्या जहाजांना ढुशा देत धक्क्याला लावते. मी माझं नाव सांगितलं, चिनात्सू ओगावा, मोतोमाचीत फुमिए-सानच्या कपड्यांच्या दुकानात काम करते.

"तरीच!" त्याचे डोळे चमकले. "ओगावा-सान, एक मदत कराल? हसू नका पण."

"अजून हसले कुठे?"

"आईनं माझ्यासाठी एक मुलगी पाहिलीय. पुढच्या महिन्यात हॉटेलात चहाला भेटायचंय, रीतसर. स्थळ जुळवणारी मधली मावशी, दोन्हीकडच्या आया, सगळा थाट. आई म्हणते, नवा सूट घे. पण सुटात मी… परीक्षेला बसलेला दिसतो."

आता मात्र मी हसले. तोही हसला. लाँड्रीची यंत्रं गुरगुरत होती, काचेबाहेर भुरभुर पाऊस लागला होता.

"नवं काही घेऊ नका," मी म्हटलं. "आधी कपाटात काय आहे ते दाखवा."

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं कपाटच पोत्यात भरून आणलं. लाँड्रीतल्या घड्या घालायच्या लांब टेबलावर ते रिकामं केलं, आणि त्या काळ्या ट्रॅकसुटांच्या ढिगाखालून हळूहळू एकेक रत्न वर येऊ लागलं. तो निळ्या दोऱ्यानं बटण शिवलेला पांढरा शर्ट. गडद निळा, गोल गळ्याचा लोकरी स्वेटर. राखाडी पँट. धुऊन धुऊन मऊ झालेली जीन्स. आणि वडिलांचा जुना कोट, ओल्या वाळूच्या रंगाचा.

"अहो, एवढं असताना तुम्ही रोज भुतासारखे काळे का हिंडता?"

"मला वाटायचं, हे साधे कपडे आहेत."

"साधेच आहेत. म्हणून तर कुणाशीही जमतं त्यांचं." मी शर्टावर स्वेटर ठेवला, कॉलर बाहेर काढली. "हे बघा. ही कॉलर अशी जराशी डोकावली की स्वेटर शाळेचा वाटत नाही. खाली राखाडी पँट घातली की चहाला जा. जीन्स घातली की बाजारात जा. स्वेटर काढून खांद्यावर टाकला की समुद्रावर फिरायला. आणि वरून हा कोट… कोटाची बटणं लावू नका. चालताना उघडा राहू दे."

"एका शर्टाचे इतके उद्योग?"

"चांगल्या शर्टाला काम कमी पडत नाही. चांगल्या माणसासारखं."

बोलून गेले आणि जीभ चावली. तो मात्र गंभीरपणे कॉलर डोकावते का ते आरशाऐवजी यंत्राच्या गोल काचेत पाहत होता. काचेमागे कुणाचे तरी पायमोजे गरगर फिरत होते.

त्यानंतर रोज सकाळी उतारावर माझी परीक्षा असायची. म्हणजे परीक्षा त्याची, पण धडधड मला. कधी जीन्सवर पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत. त्या बाह्यांखालचे, दोर ओढून घट्ट झालेले हात मी पाहत नव्हतेच मुळी. कधी निळा स्वेटर, आणि वर भुरभुर पावसाचे थेंब मोत्यांसारखे. तो दोन पावलं मागे सरून विचारायचा, "पास?"

"पँट घोट्यावर गोळा झालीय. थोडी वर दुमडा."

"इतकी?"

"इतकी नको! मासे पकडायला निघालात का?"

तो रस्त्यातच खाली बसून पँट दुमडायचा आणि शाळेला जाणाऱ्या पोरी खिदळत बाजूनं निघून जायच्या. शिकवलेलं तो विसरत नसे. एकदा तर मी न सांगताच त्यानं पट्टा आणि बूट एकाच तपकिरी रंगाचे घातले, आणि नजर चुकवत उभा राहिला. मी नुसती पाहत राहिले. साधेपणा अंगाला बसला की माणूस किती देखणा दिसतो, हे मी इतकी वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आले होते. स्वतः पहिल्यांदाच पाहत होते.

फुमिए-सानच्या नजरेतून काही सुटत नाही. साठी उलटलेली बाई, पण डोळे सुईच्या टोकासारखे.

"पोरी, दुकानातला पुतळा सकाळपासून उघडा उभा आहे. तुझं लक्ष दुसऱ्याच पुतळ्याला नटवण्यात दिसतंय."

"तो मुलगी बघायला जाणार आहे, फुमिए-सान."

"अगं बाई!" त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "आणि तू त्याला नटवून देणार? दुसरीसाठी? तू भोळी आहेस की मूर्ख, तेवढं सांग."

मी पुतळ्याला शर्ट घालू लागले.

भेटीच्या आदल्या संध्याकाळी तो लाँड्रीत पूर्ण तयारीनिशी आला. शर्ट, निळा स्वेटर, राखाडी पँट, उघडा कोट. आणि हातात एक टाय. भडक लाल, त्यावर सोनेरी मासे पोहत होते.

"बंदरातल्या दोस्तांनी दिलाय. शुभ असतो म्हणे. बांधू का?"

खरं सांगू? त्या क्षणी माझ्या मनात पाप आलं. बांधा म्हटलं असतं, तर त्यानं बांधला असता. माझ्यावर त्याचा तेवढा विश्वास होता. ती मुलगी त्या माशांकडे पाहून चहाचा पेला खाली ठेवेल, मधली मावशी घसा खाकरेल… आणि सोमवारी सकाळी तो पुन्हा उतारावर उभा असेल, माझ्यासमोर.

तो वाट पाहत होता. लहान मुलासारखा.

"नको," मी म्हटलं. "गळा मोकळाच छान दिसतो तुमचा."

मग पुढे होऊन मी कॉलर नीट केली, खांद्यावरचा धागा काढला, स्वेटरच्या बाहीतून शर्टाची कड बोटभर बाहेर ओढली. इतक्या जवळून त्याच्या अंगाला साबणाचा आणि समुद्राचा वास येत होता…

"कसा दिसतोय?" त्यानं हळूच विचारलं.

"तिला आवडाल तुम्ही."

"मी तिचं नव्हतं विचारलं."

यंत्र थांबलं. मी खाली पाहत म्हणाले, "माझं काम झालं, हिराओका-सान. उद्या कोटाची बटणं लावू नका."

त्यानं खाली वाकून नमस्कार केला, अगदी परक्यासारखा, आणि निघून गेला.

रविवार कसा गेला विचारू नका. मी पुतळ्याला स्वेटर उलटा घातला. एका आजीबाईंना त्यांचीच टोपी विकायला निघाले होते. सोमवारी उतारावर कुणी नव्हतं. मंगळवारीही नाही. झालं, मी स्वतःला सांगितलं, जमलं असेल. आता तो कशाला थांबेल?

त्याच दिवशी दुपारी दुकानात एक तरुणी आली. आखूड कापलेले केस, मोकळं हसू. आल्या आल्या म्हणाली, "इथं चिनात्सू ओगावा कोण?"

"मी."

"मी तामाकी. रविवारी मला एक मुलगा बघायला आला होता. त्याला तुम्ही तयार केलंत ना?"

माझ्या हातातला हँगर खाली पडला. मागच्या खोलीतल्या शिलाई मशीनचा आवाजही बंद झाला, म्हणजे फुमिए-सान कान देऊन होत्या.

"घाबरू नका हो, तक्रार करायला नाही आले!" ती खुर्चीत बसली. "मला लग्न करायचंच नाहीये सध्या. जनावरांची डॉक्टर आहे मी, पुढच्या महिन्यात होक्काइडोला नोकरीवर चाललेय. आईचं मन मोडवेना म्हणून आले होते. पण समोर हा माणूस! इतका साधा आणि इतका छान दिसत होता की माझी आई चहात साखर घालायची विसरली. मी सहज विचारलं, बाहीतून शर्टाची कड इतकी सुरेख काढायला कुणी शिकवलं? तर हा लाल! आणि मग बोलतच सुटला. ओगावा-सान असं म्हणते, ओगावा-सान तशी हसते… आया बिचाऱ्या एकमेकींकडे पाहत बसल्या."

"मग…?"

"मग मी त्याला बागेत नेलं आणि विचारलं, अरे बाबा, तिच्यावर एवढा जीव आहे, तर इथं काय करतोयस? तर म्हणाला," तामाकीचा आवाज मऊ झाला, "'तिनंच मला इतकं मन लावून तयार करून पाठवलं. आपलं माणूस कुणी असं नटवून दुसरीला देतं का? म्हणजे मी तिचा नाहीच.'"

माझ्या डोळ्यांसमोरचं दुकान पाण्यात बुडाल्यासारखं हललं. मी माझं मन मारून एकेक दुमड नीट केली होती, आणि त्या प्रत्येक दुमडीत त्यानं माझा नकार वाचला होता.

"मी नकार कळवलाय," तामाकी म्हणाली. "तो तुम्हांला तोंड दाखवायचं टाळतोय, बंदराकडून दुसऱ्या रस्त्यानं घरी जातो म्हणे. आता मी सांगितलं, पुढचं तुमचं. आणि हो, मलाही दोन धड कपडे निवडून द्या. गाईम्हशींतही चालतील आणि माणसांतही."

"तिला मी देते!" मागच्या खोलीतून फुमिए-सान गरजल्या. "आणि तू अजून इथंच? पळ!"

मी पळाले.

धक्क्यावर वारा असा होता की उभं राहणं कठीण. नारिंगी टगबोट नुकतीच लागत होती. तो पुढच्या टोकावर उभा होता. डोक्यावर हेल्मेट, तेलानं माखलेली वर्दी, गालावर काळा पट्टा. मला पाहिलं आणि हातातला दोर तसाच राहिला.

उडी मारून तो धक्क्यावर आला, पण हातभर लांबच थांबला.

"ओगावा-सान? तुम्ही इथं… माझा अवतार बघू नका, मी जरा धड कपडे—"

"तामाकी-सान आल्या होत्या."

त्याचा चेहरा पडला. "माफ करा. मी उगाच काहीतरी बोललो त्यांच्यापाशी. तुम्हांला अवघड वाटलं असेल तर…"

"आता मी बोलते. मध्ये बोलायचं नाही." मला धाप लागली होती. "मला त्या दिवशी वाटलं होतं तो माशांचा टाय तुम्हांला बांधू द्यावा. तिनं नाकारावं म्हणून. पण तुम्ही कुठं कमी दिसावं, हे मला सोसवेना… अगदी दुसरीसमोरसुद्धा. त्याला काय म्हणतात, ते तुम्हीच ठरवा."

वाऱ्यानं माझे केस डोळ्यांत जात होते.

"चिनात्सू-सान…" तो म्हणाला.

"नुसतं चिनात्सू."

"चिनात्सू." त्यानं नाव चवीनं उच्चारलं, आणि मग अगदी हळू, "तू… खरं बोलतेयस?"

त्या एका 'तू'ला मीही 'तू'नंच उत्तर दिलं. "खरं. आणि तू मूर्ख आहेस, कानामे."

"आहे." त्याचं हसू कानापर्यंत गेलं. हात पुढे आला आणि अर्ध्यात थांबला. "तेल आहे गं हाताला. तुझा कोट पांढरा आहे."

मी पुढे होऊन तो हात दोन्ही हातांत घेतला. खरबरीत, गरम, काळाकुट्ट हात. बाहीला डाग पडला. पडू दिला.

बोटीवरून कुणीतरी जोरात शिट्टी वाजवली. मग कप्तानानं भोंगाच वाजवला, आणि भोंग्यामागून त्याचा आवाज आला, "हिराओका! प्रेम नंतर कर, आधी बोट बांध! वाहून चाललीय!"

कानामे धावत गेला. खुंटाला दोर गुंडाळताना सारखा मान वळवून पाहत होता, मी गेले तर नाही ना म्हणून. त्या नादात त्यानं दोर उलटा गुंडाळला, दोस्त हसले, आणि त्याला सगळा सोडून पुन्हा बांधावा लागला.

मी काही जाणार नव्हते. कोटाची कॉलर वर करून, खुंटाजवळच्या पायरीवर आरामात बसले, आणि त्याचं काम संपायची वाट पाहू लागले.