दुपारचा पासवर्ड

घरातल्या वाय-फायचा पासवर्ड विसरणे ही काही आभाळ कोसळण्यासारखी गोष्ट नव्हे. तथापि पुढे जे घडले त्याचा आरंभ तिथूनच झाला, म्हणून मलाही तिथूनच सांगणे भाग आहे.

मी व्यवसायाने बाइंडर आहे. शिक्षण सातवीपर्यंत. त्यापुढचे जे काही आहे ते फर्मे शिवता शिवता वाचून मिळवलेले. छापलेला मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा केला की त्याला आम्ही फर्मा म्हणतो. ज्याच्या वाट्याला जो फर्मा येईल तेवढेच पुस्तक त्याने वाचायचे. त्यामुळे माझ्या ज्ञानाला सलगपणा नाही. एखाद्या विषयाचे मला सतरावे ते बत्तिसावे पान उत्तम ठाऊक असते आणि पुढे अंधार.

एकाच कारखान्यात मी बत्तीस वर्षे काढली. सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा. अकरा वर्षांपूर्वी कटिंग मशीनखाली माझ्या डाव्या अंगठ्याचे टोक नखासकट गेले. एक्केचाळीस दिवस पत्नीने त्याची मलमपट्टी केली. रोज पट्टी सोडताना ती आधी क्षणभर डोळे मिटून घेई आणि मग उघडत असे. तेव्हापासून माझ्या शिवणीची गाठ किंचित डावीकडे कलते. गिऱ्हाइकाला ते कळत नाही. मला कळते.

घर कारखान्यापासून बारा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे. पत्नी खिडकीशी शिवणयंत्रावर लोकांचे कपडे शिवते. लग्न झाल्यापासून ती म्हणत आली, "दुपारी जेवायला घरी येत जा की." मी म्हणत आलो, "उद्यापासून." हा उद्या सव्वीस वर्षे पुरला. गेल्या वर्षभरात तिने ते म्हणणे सोडले होते. का सोडले, हे विचारण्याचे मला सुचले नाही.

तीन महिन्यांपूर्वी माझा फोन खळीच्या बादलीत पडून निकामी झाला. परगावी नोकरी करणाऱ्या मुलीने नवा पाठवला. रविवारी सकाळी मी तो पेटीतून काढला आणि पत्नीला विचारले, "आपला पासवर्ड काय गं?"

"मला विचारता? ठेवलात तुम्ही, विसरलात तुम्ही, आणि आठवायचा मी?"

"मी कधी ठेवला?"

"घ्या! उद्या म्हणाल, लग्न कधी केलं."

वाय-फायच्या डब्याच्या पाठीवर चिकटवलेला जुना पासवर्ड लागेना. अखेर पत्नीच्या फोनवरून मुलीला फोन लावला आणि तिचा आवाज मोठा करून ठेवला.

"सोपं आहे, बाबा. आईचा फोन जोडलेलाच आहे ना? त्यातच सेटिंग उघडा. वाय-फाय. आपल्या घराच्या नावावर बोट ठेवा. आता 'शेअर' दिसतंय?"

"दिसतंय."

"दाबा. बोट मागेल."

पत्नीने आपले बोट टेकवले. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची एक चौकट उमटली आणि तिच्याखाली बारीक अक्षरे.

"आई, बाबांचाही अंगठा घालून ठेव तुझ्या फोनमध्ये. म्हणजे दर वेळी तुला उठायला नको."

"घातलाय की. मागेच."

या वाक्याकडे माझे लक्ष गेले नाही, कारण मी ती अक्षरे वाचत होतो. इंग्रजी अक्षरांत लिहिलेला मराठी शब्द होता. पहिलेपान.

सत्तावीस वर्षांपूर्वी ती आपल्या वडिलांचा फाटका शब्दकोश घेऊन कारखान्यात आली होती. टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "याचं पहिलं पान नाहीये. चालेल ना?" त्या दिवसापासून मी मनातल्या मनात तिला पहिले पान म्हणत आलो. तोंडाने एकदाही म्हटले नाही. भावना व्यक्त करण्याचे प्रकरण माझ्या वाट्याच्या फर्म्यांत कधी आलेच नाही.

"हा शब्द तुला कुणी सांगितला?" मी विचारले.

तिचे कान लाल झाले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. "काहीतरीच तुमचं! पोरगी ऐकतेय. दुपारी म्हणता ते दुपारीच म्हणावं."

"दुपारी?"

मुलगी पलीकडून हसली. मलाही हसावे लागले.

नंतर मुलीने नव्या फोनवर एक अ‍ॅप घ्यायला लावले. घरच्या वाय-फायला कोण कधी जोडले जाते याची त्यात नोंद दिसते. तीन नावे होती. 'आई', 'बाबा नवा' आणि 'बाबा'. यांतले शेवटचे माझ्या जुन्या फोनचे, मुलीनेच कधीकाळी दिलेले. त्यावर बोट ठेवताच तारखांची रांग उघडली. सोमवार ते शनिवार, रोज दुपारी एक दहा ते पाच चाळीस. कालची तारीखही त्यात होती.

माझ्या मनात पाल चुकचुकली, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाला मत्सर शोभत नाही असे म्हणतात. परंतु तो शोभण्यासाठी थोडाच येतो! प्रथम मला वायर जोडायला आलेला माणूस आठवला. त्याच्या मनगटावर सोनेरी घड्याळ होते आणि पत्नीने त्याला दोनदा चहा विचारला होता. दिवसभर मी त्या घड्याळावर जळत राहिलो.

सोमवारी कारखान्यात जाताच टेबलाचा खण उघडला. जुना फोन तिथेच, कोपऱ्यात. बटण दाबून पाहिले. मेलेलाच. काचेवर वाळलेल्या खळीचा पांढरा थर होता, आणि त्या थरात अंगठ्याचा एक ठसा. डाव्या हाताने फोन धरला तर अंगठा जिथे येईल, बरोबर तिथे. मी माझा अंगठा त्यावर टेकवून पाहिला. ठसा टोकापर्यंत पुरा होता, वर्तुळांवर वर्तुळे. माझा अंगठा अर्ध्यातच संपला.

शेजारी कटिंगवाला कागदाचे रिम ठोकून सरळ करत होता. आमची जुनी दोस्ती. मी त्याला विचारले, "दुपारी मी कुठे असतो रे?"

"असं कसं विचारतोस? तिथेच, त्या स्टुलावर. तुझ्या बुडाचा आकार आलाय त्याला."

"एक ते सहा? रोज?"

"लघवीला जातोस तेवढीच सुटका." मग त्याने कागद खाली ठेवला. "संशय बायकोवर आहे की स्वतःवर?"

मी जुना फोन खणात ठेवून खण लावला.

"घरी जाऊन ये एकदा दुपारचा," तो म्हणाला. "सव्वीस वर्षं नुसतं उद्या उद्या करतोयस."

त्या संध्याकाळी पत्नीची मापांची वही माझ्या हाती आली. गिऱ्हाइकांची छाती, कंबर, बाही लिहिण्याची, वर्षानुवर्षे वापरून पाने सुटलेली. "वेळ झाला की शिवून देतो," असे मी तिला किती वेळा म्हटले असेल! आता ती शिवलेली होती. प्रत्येक जुजाशी, म्हणजे पानांच्या जुडीशी, बारीक, आवळ, सुरेख गाठ, आणि एकही गाठ कललेली नाही.

ही शिवण मी ओळखतो. ही माझीच शिवण. मी चाळिशीत असताना शिवत असे, तशी.

सोनेरी घड्याळवाला माझ्या मनातून उतरला. परपुरुषाचा हेवा वाटला तर त्याला निदान शिवी देता येते. या गाठींना मी कोणती शिवी देणार होतो?

"छान शिवलीय," मी म्हणालो.

"हो ना. मीही तेच म्हटलं तुम्हाला," ती म्हणाली आणि दोरा ओवू लागली.

मंगळवारी दीड वाजता मी डोके दुखते असे मालकांना सांगून बाहेर पडलो. ऊन पांढरे होते. रस्त्यावरची दुकाने अर्धी मिटलेली. आमच्या इमारतीचा जिना मला दुपारचा ठाऊकच नव्हता. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून त्यावर उजेडाचा एक पट्टा पडतो, हे मी तेव्हा प्रथम पाहिले.

वरून शिवणयंत्राचा आवाज येत होता. तो थांबला. मग पत्नी हसली.

तसे हसणे मी कित्येक वर्षांत ऐकले नव्हते. पोटातून आलेले, शेवटी दम लागून तुटणारे. त्यापाठोपाठ एक पुरुषी आवाज काही सांगू लागला. शब्द कळत नव्हते. परंतु सांगताना मध्येच थांबण्याची ढब कळत होती. मी गोष्ट सांगताना असाच थांबतो. थांबत असे.

खिशातला फोन थरथरला. तो घरच्या वाय-फायला जोडला गेला होता. मी अ‍ॅप उघडले.

आई. बाबा. बाबा नवा.

मी किल्ली फिरवून दार उघडले.

पत्नी एकटीच होती. स्टुलावर चहाचे दोन कप, दोन्हींतून वाफ येत होती. खिडकीजवळची खुर्ची जराशी तिच्याकडे वळवलेली. मी खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला. उबदार होती.

"काय विसरलात?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर ते हसू अजून उरले होते. "आत्ता तर गेलात."

"चष्मा."

"डोळ्यांवर आहे."

मी डोळ्यांवर हात नेला. माझ्याकडे बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू विझले. मला त्याचेच सर्वांत वाईट वाटले.

त्या संध्याकाळी मी पासवर्ड बदलला. मुलीने शिकवले होते, त्याच अ‍ॅपमधून. नवा शब्द असा निवडला की जो जगात कोणालाही ठाऊक असणे शक्य नव्हते. उमेदवारीच्या पहिल्या वर्षी एका पुस्तकात मी चौदावा फर्मा उलटा शिवला होता. भीतीने कोणाला बोललो नाही. ते पुस्तक तसेच कोणाच्या तरी घरी गेले. चौदावा उलटा. हाच शब्द ठेवला. पत्नीच्या फोनमध्येही मीच भरला, तिला न दाखवता.

बुधवारच्या नोंदीत 'बाबा' नव्हता. गुरुवारीही नव्हता.

मी जिंकलो होतो. परंतु घरात आलो की शिवणयंत्रावर तोच अर्धा झगा तसाच असे. पत्नी खिडकीबाहेर पाहत बसलेली असे. जेवताना मी कारखान्यातली एक गंमत सांगितली. मध्येच थांबलोदेखील. तिने वर पाहिले, वाट पाहिली, आणि मग खाली पाहिले.

"उद्या दुपारी येतो मी जेवायला," मी म्हणालो. "खरंच."

"या," ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारी मोठ्या ऑर्डरचे फर्मे येऊन पडले. मला जाता आले नाही.

संध्याकाळी जिना चढताना फोन थरथरला नाही. दारात उभे राहून पाहिले. पासवर्ड चुकीचा, असे त्यात लिहिले होते. मी चौदावा उलटा पुन्हा भरला. चुकीचा. पहिलेपान भरले. चुकीचा.

आत शिवणयंत्र धावत होते. झगा पुरा होऊन खुंटीला लागला होता. पत्नी गुणगुणत होती.

"पासवर्ड कुणी बदलला?"

"असं काय करता? दुपारी तुम्हीच नाही का बदललात?" ती हसली. "मला म्हणालात, एक फर्मा उलटा लागला होता, तो सुलटा केला. मला काही कळलं नाही. पण तुम्ही खुशीत होतात."

मी चपला काढून आत आलो.

"आता काय ठेवलाय?"

"मला काय माहीत? तुम्ही तर बघूही दिला नाहीत. माझ्या फोनमध्ये असेल की." तिने यंत्राचे झाकण उघडून तेलाची कुपी घेतली. दोन्ही हात तेलाने माखले होते. "माझी बोटं लागायची नाहीत आता. तुमचा अंगठा लावा."

मी तिचा फोन घेतला. सेटिंग. वाय-फाय. शेअर. फोनने ठसा मागितला.

मी उजवा अंगठा टेकवला. ओळख पटली नाही.

"डावा हो," ती म्हणाली. "दुपारी डावाच लावता."

मी डावा टेकवला.

ओळख पटली नाही.

"नीट लावा."

पुन्हा टेकवला. पुन्हा तेच.

"अहो, इकडे आणा बघू." ती उठली. फडक्याला हात पुसले. माझा हात हातात घेऊन तिने तो खिडकीच्या उजेडाकडे वळवला.

ती थांबली. मग तिने क्षणभर डोळे मिटले आणि उघडले.

"अगं बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "हे कधी झालं तुम्हाला?"