कडेची जागा

सयाजीगंजातल्या त्या दुकानात मी डोळे मिटून एकेक ब्लू-रे प्लेयर चाचपत होतो आणि दुकानाच्या मालकीण कोमलबेन माझ्याकडे जरा काळजीनेच बघत होत्या.

"साहेब, हवे प्लेयर कोण ले छे?" त्या म्हणाल्या. "बधुं मोबाइल पर."

आता प्लेयर घेतं कोण, सगळं मोबाइलवर, हे त्यांचं खरं होतं. पण माझी गरज वेगळी होती. चित्र किती सुंदर, आवाज किती घुमतो, याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. खिशाला परवडणारा आणि समोर बोटाला लागतील अशी बटणं असलेला प्लेयर मला हवा होता. हल्लीचे सगळे कसे गुळगुळीत. हात फिरवला तर कुठे सुरू आणि कुठे बंद, पत्ता लागत नाही. डोळसांच्या जगात हे चालून जातं. माझी आई डोळस राहिली नव्हती.

तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. समोर पाहिलं की मधोमध राखाडी डाग, दिसतं ते फक्त कडेचं. माझ्याशी बोलताना ती माझ्या कानाकडे बघते. टीव्ही बघायचा तर खुर्ची तिरकी लावते आणि मान वळवून बसते. त्यात आता काचबिंदू निघाला होता आणि कडेची नजरही आतआत सरकायला लागली होती. औषधाने वेग कमी होईल, थांबणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईने ते ऐकलं आणि घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाली, "अभि, तो प्लेयर दुरुस्त करून आण ने. मला ह्यांना बघायचंय."

ह्यांना म्हणजे माझ्या बाबांना. पद्माकर नाव त्यांचं. रेल्वेत होते. सणावाराला ऑफिसातल्या मित्राचा व्हिडिओ कॅमेरा मागून आणायचे आणि आमच्या वासणा भागातल्या घरातलं सगळं टिपून ठेवायचे. त्या कॅसेटींना बुरशी लागायच्या आत मी त्या एका ब्लू-रे डिस्कवर उतरवून घेतल्या. त्या चित्रणात आम्ही सगळे आहोत. बाबा नाहीत. कॅमेऱ्यामागून त्यांचा आवाज तेवढा येतो. आता ते जाऊनही बरीच वर्षं झाली. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, पण आईचं म्हणणं, फोटोतला माणूस उभा असतो. ते चालत कसे, हे तिला आठवेनासं झालं होतं, आणि याची तिला भीती वाटत होती.

एका चित्रणात मात्र ते असायला हवे होते. मी सात वर्षांचा होतो, गौरी जेवणाचा दिवस होता. याच हॉलमध्ये, याच भिंतीशी गौरी उभ्या केलेल्या. कॅमेरा शिवणयंत्रावर ठेवून बाबा म्हणतात, "थांबा, मी पण येतो." डावीकडे शैलाआत्या, मधे मी, माझा हात धरून हिरव्या साडीतली आई. आईच्या पलीकडे, चित्राच्या अगदी उजव्या कडेला, पांढऱ्या शर्टाचं एक कोपर. बस. बाबांचा अंदाज चुकला होता. आपण चित्रात आहोत असं समजून ते चौकटीच्या बाहेर उभे राहिले, ऐटीत उभे राहिले असणार, आणि मग परत येऊन त्यांनी कॅमेऱ्यावर तळवा धरला. घरात यावरून त्यांची इतकी चेष्टा झाली की पुढे ते कधी प्रयत्नालाच गेले नाहीत.

आई ते कोपर बघायची. रोज दुपारी, जेवण झालं की. जुना प्लेयर बंद पडला तो दुरुस्त होण्यासारखा नव्हता, म्हणून मी सयाजीगंजात.

कोमलबेननी शेवटी दोन प्लेयर पुढे ठेवले. एक नवा, चपटा, ठीकठाक किमतीचा. दुसरा खोक्याशिवायचा, जड. वरचं नाव घासून गेलेलं, पण पुढे चांगली टपोरी बटणं. किंमत पहिल्याच्या निम्मी. "बेउ घरे लई जाओ. गमे ते राखजो," त्या म्हणाल्या. दोन्ही घरी न्या, आवडेल तो ठेवा. बडोद्यात अजून असा व्यवहार चालतो.

आईने जड प्लेयरच्या बटणांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हाच."

जुनी चित्रणं चौकोनी असतात आणि आमचा टीव्ही रुंद. त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या उरतात. त्या दिवशीही होत्या, मी तपासलं होतं. आई मान वळवून बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "अरे, ह्यात खिडकी पण दिसते."

"कुठली खिडकी?"

"ही, आपली. आत्याच्या अंगाला."

आत्याच्या बाजूला काळी पट्टी होती.  डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलंच होतं की नजर गेलेल्यांना कधीकधी नसलेल्या गोष्टी दिसतात. मेंदू रिकामी जागा भरून काढतो, ते वेड नव्हे, वाद घालू नका. मी नंदेसरीला एका रसायनांच्या कारखान्यात मापकांचं काम बघतो. काटा भलतंच दाखवायला लागला की खरंच काही घडलंय की काटाच बिघडलाय, हे ठरवायचं. बहुतेक वेळा काटाच बिघडलेला असतो. मी आईच्या बाबतीतही तेच धरून चाललो.

पुढच्या रविवारी तिने खिडक्यांचे पडदे ओढायला लावले. हॉलमध्ये अंधारून आलं आणि मला दिसलं की डावीकडची पट्टी पूर्ण काळी नाही. धुरकट राखाडी होती. त्यात काहीतरी उभं, लोंबतं होतं. मी टीव्हीला नाक लावलं. पडदा होता. पिवळ्या कापडावर तपकिरी पानं. असा पडदा आमच्याकडे होता हे मी साफ विसरलो होतो, आणि तरी त्याच्या खालच्या टोकाची उसवलेली शिवण मला पाहताक्षणी ओळखू आली.

मग मी माझ्या धंद्याला लागलो. असे प्लेयर चित्र ताणून रुंद करतात, पण मग माणसं जाडी दिसतात. इथे आत्या होती तेवढीच होती. मी तीच डिस्क, तीच केबल दुसऱ्या प्लेयरला लावली. पट्ट्या काळ्या कुळकुळीत. परत जड प्लेयर लावला. पडदा हलत होता. बाहेर वारा असावा.

तेवढ्यात माझी बायको योगिनी कपड्यांच्या घड्या घेऊन हॉलमधून गेली. जाता जाता थबकली. "हा पडदा छान होता की. का काढला?" म्हणाली आणि आत गेली.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तो पडदा जाऊन कित्येक वर्षं झाली होती.

खरं सांगायचं तर भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त वाटत होतं. देवळात गाभाऱ्याचं दार उघडायच्या आधी सगळे गप्प होतात ना, तसं. मी आईच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसलो आणि त्या दिवसापासून दोघं मिळून बघायला लागलो. मी कामावर असलो तर ती माझ्यासाठी थांबायची, मी आल्यावर संध्याकाळी लावायची.

डावी बाजू आधी उघडली, उजवी फार हळू. आम्हाला दोघांनाही उजवीच हवी होती. रोज लावली की काळं थोडंसं मागे हटायचं. कोपराला दंड आला. दंडाला खांदा. "आज कॉलर दिसली," आई सांगायची, आणि मी वाकून पाहिलं की कॉलर असायची. तिला माझ्याआधी दिसायचं. कडेचं बघायची सवय तिची जुनी.

पण तिच्या डोळ्यांचं उलटं चाललं होतं. एका संध्याकाळी तिने विचारलं, "आत्याच्या बाजूचा पडदा कोणी काढला?" पडदा होता. तिची ती बाजू गेली होती. मी खुर्ची आणखी तिरकी केली, टीव्हीच्या आणखी जवळ नेली. इकडे पट्टी उजळत होती आणि तिकडे आई मिटत होती. यातलं आधी काय पुरं होईल, या विचाराने मला कारखान्यातही काही सुचेनासं झालं. कोमलबेनचा फोन आला, कोणता ठेवताय म्हणून. मी म्हटलं, "थोडा दिवस आपो, बेन." थोडे दिवस द्या. 

तो रविवार. दुपार. आई स्वतः उठली, डिस्क चाचपून आत सरकवली, बटण दाबलं. परत येऊन बसली आणि तिने माझा हात धरला.

"थांबा, मी पण येतो," बाबा म्हणाले.

उजवीकडे काळं काही उरलंच नव्हतं. स्वयंपाकघराचं दार होतं, दाराला आंब्याचं तोरण होतं, आणि कॅमेऱ्याकडून दाराच्या दिशेने, आमच्याकडे पाठ करून, बाबा चालत गेले.

उजवा पाय किंचित ओढत. दोन्ही हात पाठीमागे धरून. घाईतही घाई न करता.

"हां," आई म्हणाली. "असेच."

मी रडत होतो. मला ते लपवावंसंही वाटलं नाही. बाबा वळले, कॉलर नीट केली, छाती पुढे काढून आईशेजारी उभे राहिले. चेहऱ्यावर अशी काही खुशी की बघणाऱ्यालाच लाज वाटावी. आपण चित्रात आहोत, याची त्यांना पक्की खात्री होती.

यानंतर ते परत कॅमेऱ्याकडे येतात आणि तळवा धरतात. मी त्या तळव्याची वाट बघत होतो.

ते आले नाहीत.

समयांच्या ज्योती हलत होत्या. गौरींच्या मुखवट्यांवर उजेड खालीवर होत होता. चित्र संपायची वेळ कधीच होऊन गेली होती आणि ते चाललंच होतं.

बाबांनी मान वळवली. त्यांनी हिरव्या साडीतल्या आईकडे पाहिलं, आणि एक पाऊल दाराकडे सरकून शेजारी जागा केली.

ती हसली.

तिने माझा हात सोडला. त्या मुलाचा. आणि त्याच क्षणी माझ्या हातातली आईची बोटं सैल पडली.

ती सरकली. त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. मग दोघं वळून तोरणाखालून आत गेले. बाबा पाय ओढत, ती त्यांच्या पावलाला पाऊल जुळवून.

मग टीव्हीचा पडदा नुसता निळा झाला.

आईकडे बघायचं धाडस व्हायला मला वेळ लागला. ती श्वास घेत होती. चेहरा शांत, ओला. डोळे टीव्हीकडेही नव्हते आणि माझ्या कानाकडेही नव्हते.

"आई, दिसले?"

"दिसले ने," ती म्हणाली. "किती दिवस कडेला उभे होते बिचारे. मीच सरकले."

थोड्या वेळाने तिने खुर्ची सरळ करायला सांगितली. "आता नको लावूस," म्हणाली. "आम्ही पुढे गेलो."

त्यानंतर तिला कडेचंही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, अपेक्षेपेक्षा लवकर झालं. आईला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. ती भिंतीला हात न लावता घरभर फिरते. कोणाच्या तरी हळू चालीला जुळवून घेतल्यासारखी, मधेच जरा थांबते आणि पुन्हा चालते.

मी जड प्लेयर सयाजीगंजला परत नेऊन दिला. "न गम्युं?" कोमलबेननी विचारलं. मी म्हटलं, आवडला, पण दुसराच ठेवतो. चपट्याचे पैसे दिले. चांगला आहे, किमतीच्या मानाने चित्र स्वच्छ आहे. कोणी विचारलं तर मी तोच घ्या म्हणेन.

घरी येऊन मी त्यावर डिस्क लावली. फक्त खात्री करायला. काटा बिघडलाय की खरंच काही घडलंय, एवढंच मला ठरवायचं होतं.

दोन्ही बाजूंच्या पट्ट्या काळ्या होत्या. बाबांचा आवाज आला, "थांबा, मी पण येतो." मधे गौरी, समया, डावीकडे हसणारी शैलाआत्या. उजव्या कडेला कोपर नव्हतं. हिरवी साडी नव्हती. तिथे नुसती भिंत होती.

आणि मधोमध तो सात वर्षांचा मुलगा. एक हात कोणीतरी आत्ताच सोडल्यासारखा हवेत. मान उजवीकडच्या काळ्या पट्टीकडे वळलेली.

मी डिस्क बाहेर काढली आणि कपाटात ठेवून किल्ली लावली. प्लेयर बंद करायच्या आधी नीट पाहिलं होतं, चित्र अडकलेलं नव्हतं. आत्याची पापणी लवत होती, ज्योती हलत होत्या, आणि त्या मुलाचा डावा पाय जमिनीवरून उचललेला होता.