काथ्या भरलेला काकाकुवा

हे खरं आहे. मी तिथे होते.

इंडोनेशियातल्या हालमाहेरा बेटावरचं आमचं गाव. रविवारची प्रार्थना आटोपली होती. रात्र नव्हती, भर दुपार होती.

माझ्या धाकट्या बहिणीचा, युल्चेचा नवरा हाबेल रानातले पांढरे काकाकुवे धरायचा. एक माणसाळलेला काकाकुवा उंच फांदीवर साखळीने बांधायचा. भोवती दोऱ्याचे फास. तो ओरडला की थवा खाली उतरायचा. धरलेले पक्षी प्लास्टिकच्या बाटल्यांत कोंबून तो बोटीने शहरात पाठवायचा. कितीतरी वाटेतच मरायचे.

युल्चे म्हणायची, “बायकोपेक्षा पाखराला जास्त जपतोस.”

“त्याच्या हाकेला थवा येतो. तुझ्या हाकेला कोण येतं गं?”

ती हसायची.

त्या आठवड्यात तो काकाकुवा मेला. हाबेलने त्याच्या पोटात काथ्या भरला आणि पुन्हा फांदीवर बांधला.

“मेल्यावर तरी सोड त्याला,” मी म्हणाले.

“नवा तयार करायला वर्ष जाईल, ताई. लांबून नुसता दिसला तरी पुरे.”

त्या रविवारी दुपारी मी आणि हाबेल झाडाखाली बसलो.

पाखरू नाही. किडा नाही. पानही हलेना...

मग वरून हाक आली.

त्या मेलेल्या काकाकुव्याचीच.

थवा आला नाही.

मागे पाचोळा वाजला... युल्चे. हाताला सागोचं पीठ तसंच.

“कशाला आलीस?” हाबेलने विचारलं.

“बोलावलंस ना.”

आणि ती झाडावर चढू लागली.

आम्ही दोघांनी तिला खाली ओढलं. अंग हलकं लागलं. फार हलकं.

मी वर पाहिलं. साखळी रिकामी लोंबत होती.

हाबेलने ते काम सोडलं.

युल्चे घरीच आहे. जेवते. ओसरीच्या कठड्यावर बसून असते. बोलत नाही. त्या दिवसापासून एक शब्द नाही.

पण दुपारी कोणी ना कोणी अंगणात येऊन उभं राहतं. म्हणतं, युल्चेने हाक मारली. थोडा वेळ थांबतं, निघून जातं. ते सगळे घरी पोचले का, मी कधी विचारलं नाही.

आज सकाळी तेर्नाते शहरातून माझ्या मुलीचा फोन आला.

“आई, मावशी किती छान बोलली गं. ये म्हणाली.”

“येऊ नकोस.”

“अगं, बोटीत बसलेय मी.”

बोट दुपारी लागेल. मी धक्क्यावर येऊन बसले आहे. तिला घरी नेणार नाही. त्याच बोटीने परत पाठवीन.

माझं ऐकलं तर...